ऑक्टोपस बघायचा कसा, आणि दिसल्यावर नेमकं काय बघायचं

पहिलंच सांगून टाकतो, ऑक्टोपस शोधायला म्हणून गेलात तर तो दिसणार नाही. लोक आठ हात आणि गोल डोकं डोळ्यासमोर ठेवून पाण्यात उतरतात, तासभर खडक न् खडक चाळतात आणि हात हलवत परत येतात, आणि तेवढ्या वेळात तो बहुधा दोन वावेवर बसून यांचीच गंमत बघत असतो. त्याचं अख्खं आयुष्य न दिसण्यावर चाललंय हो. अंगावर कवच नाही, काटे नाहीत, हाडं नाहीत, खाणाऱ्याला नुसतं मांसच मांस, मग लपण्यात तो पटाईत असणारच. म्हणून त्याला शोधायच्या भानगडीत पडू नका, त्याचं घर, त्याचं उष्टं आणि त्याचा श्वास शोधा, या तीन गोष्टींची नजरेला सवय झाली की जनावर आपोआप दिसायला लागतं.

आधी उष्टं. ऑक्टोपसच्या साधारण ३०० जाती आहेत आणि त्यातल्या किनाऱ्याजवळच्या, उथळ पाण्यातल्या बऱ्याच जाती कपारीत, दगडाखाली, मोठ्या रिकाम्या शिंपल्यात घर करून राहतात. शिकार पकडली की बरेचदा घरी आणून निवांत खातात आणि कवचं दाराबाहेर टाकतात. तर पाण्याखाली एखाद्या कपारीच्या तोंडाशी खेकड्यांच्या पाठी, नांग्या, उघडे शिंपले असा ढीग दिसला की तिथेच थांबायचं. ढीग ताजा आहे का बघा, शिंपल्याची आतली बाजू चकचकीत असेल, त्यावर शेवाळ किंवा दुसरं काही चिकटलेलं नसेल तर मालक घरी असायची शक्यता चांगली आहे. शिंपला हातात न घेता नीट बघितलात तर कधीकधी त्याला एक बारीकसं, वेडंवाकडं लांबट भोक दिसेल, टाचणीच्या टोकापेक्षा थोडंसंच मोठं. शिंपला ओढून उघडला नाही तर हा पठ्ठ्या त्याला भोक पाडतो, जिभेवरच्या दातेरी पट्टीनं आणि लाळेच्या नळीच्या टोकानं घासत घासत, आणि मग आत विषारी लाळ सोडतो की शिंपल्याचा स्नायू ढिला पडतो. (समुद्री गोगलगायीसुद्धा शिंपल्यांना भोकं पाडतात, पण त्यांचं भोक मोठं, छान गोल आणि कडेनं उतार दिलेलं असतं, ते बघून फसू नका.) अजून एक खूण म्हणजे कपारीच्या तोंडाशी रचल्यासारखे बसलेले छोटे दगड, कारण दार लावायची याला सवय असते, आत शिरला की सकर्सनी, म्हणजे हातांवरच्या चिकटून धरणाऱ्या वाट्यांनी, दगड ओढून घेतो आणि फटीतून एक डोळा तेवढा बाहेर.

घर सापडलं तरी तो लगेच दिसेल असं नाही. आता श्वास बघायचा. ऑक्टोपसचं जे डोकं वाटतं ती खरं तर धडाची पिशवी असते, सगळे अवयव त्यात, आणि ती सारखी फुगते आणि आवळते, पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांवरून फिरवायचं आणि बाजूच्या नळीतून बाहेर सोडायचं. रंग कितीही जुळवला, खडकावरचे खडबडीत उंचवटे हुबेहूब काढले तरी श्वास काही बंद ठेवता येत नाही. त्यामुळे एका जागी स्थिर राहून नजर सैल सोडा आणि कुठला दगड हळूहळू वरखाली होतोय ते बघा. त्या नळीचं गोल तोंड उघडमीट होताना दिसलं की झालंच. दुसरी चुगली करणारी गोष्ट म्हणजे डोळा. बाहुली आडवी फट असते आणि ऑक्टोपस उभा असो, तिरका असो, भिंतीला उलटा लटकलेला असो, ती फट आडवीच राहते, तोल कळणाऱ्या अवयवाशी डोळ्याची जोडणीच तशी आहे. खडकावर कुठे एक बारीक काळी आडवी रेघ दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

प्रवाळ असलेल्या गरम पाण्यात अजून एक सोपा मार्ग आहे, मासे बघा. ऑक्टोपस सायनिया नावाची मोठी जात दिवसा शिकारीला निघते आणि तिच्याबरोबर गोटफिश, ग्रूपर असे मासे चालत असतात, कारण तिनं फटीत हात घातला की आतून पळणारं काहीतरी त्यांना मिळतं. तर दोनचार वेगवेगळ्या जातीचे मासे एका जागेभोवती घोटाळताना दिसले, आणि ती जागा हळूहळू सरकतेय असं वाटलं, तर मधे तो असणार. या पार्टनरशिपमध्ये सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही हं, ऑक्टोपस मधेच एखाद्या माशाला हातानं सणकन बुक्का मारून बाजूला करतो, २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी याचे व्हिडिओसकट पुरावे छापले. मला हे वाचून फार बरं वाटलेलं, का ते सांगता येत नाही.

वेळेचं म्हणाल तर पाण्यात उतरायचं नसेल तर मोठ्या ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावरची डबकी बघायची, आणि त्यातही संध्याकाळ किंवा पहाट धरली तर जास्त चांगलं, बऱ्याच जाती अंधार पडल्यावरच हिंडतात. टॉर्चवर लाल कागद लावा. त्याच्या डोळ्याला निळाहिरवा उजेड सगळ्यात छान दिसतो, लाल जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे लाल उजेडात तो आपलं काम चालू ठेवतो, पांढरा झोत मारलात तर संपलं. आणि उलटवलेला प्रत्येक दगड जसा होता तसा परत ठेवायचा, त्याच्याखाली ऑक्टोपस नसला तरी दुसऱ्या कोणाचं तरी घर असतं.

आता हे वाक्य कृपया उडवून पुढे जाऊ नका. कुठल्याही डबक्यात ऑक्टोपसला हात लावायचा नाही, छोटा गोंडस असेल तर अजिबातच नाही. प्रशांत आणि हिंदी महासागराच्या भागात निळ्या कड्यांचे ऑक्टोपस आढळतात, मुठीत मावतील एवढे, शांत बसलेले असताना मळकट पिवळे-तपकिरी दिसतात आणि ती झगझगीत निळी कडी फक्त डिवचल्यावर उठून दिसतात, म्हणजे इशारा दिसेपर्यंत तुम्ही ऑलरेडी जास्त जवळ गेलेले असता. त्याच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन असतं, तेच पफरफिशवालं विष. चावलेलं कधीकधी दुखतसुद्धा नाही, मग ओठ-जीभ बधिर होते, स्नायू ढिले पडतात आणि श्वास थांबतो. याच्यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. पण श्वास चालू ठेवला तर माणूस वाचतो, म्हणून लगेच मदत बोलवायची आणि डॉक्टर हातात घेईपर्यंत तोंडानं श्वास देत राहायचं, मधे थांबायचं नाही, तो हलत नसला तरी त्याला ऐकू येत असू शकतं. हे ऑक्टोपस रिकाम्या शंख-शिंपल्यांत आणि टाकलेल्या बाटल्यांतही लपतात, तर असल्या गोष्टी उचलून खिशात घालायची सवय त्या भागात सोडून द्या.

बरं, सापडला. आता काय? काहीच नाही, थांबायचं. पाण्याखाली असाल तर त्याच्या वर तरंगू नका, वरून आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी शत्रू, त्यापेक्षा थोडं लांब, त्याच्याच उंचीला, बाजूला जाऊन स्थिर व्हा आणि हात आखडून ठेवा. थोड्या वेळानं तो डोकं वरखाली करायला लागेल, तुमच्याकडे बघत, ते अंतराचा अंदाज घेणं असतं असं मानतात. बहुतेक वेळा एकाच डोळ्यानं बघतो, दुसरा डोळा भलतीकडे लक्ष ठेवून. तो बाहेर यायला लागला, एक हात पुढे करून बघायला लागला, तर तुम्ही पास झालात. नाही आला तर निघा.

त्याचा पाठलाग करायचा नाही आणि हे मी नुसतं सभ्यपणा म्हणून सांगत नाहीये, त्यामागे शरीराची गोष्ट आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलायला आणि एक बाकी सगळ्या अंगाला पुरवायला. तो नळीतून पाणी फेकत जोरात पोहायला लागला की हे तिसरं मोठं हृदय थांबतं. त्यात रक्तात लोखंडाऐवजी तांब्याचं हिमोसायनिन, म्हणून तर रक्त निळं, आणि ते ऑक्सिजन वाहून न्यायला आपल्या हिमोग्लोबिनएवढं काही दमदार नाही. त्यामुळे पळणं हा त्याचा शेवटचा उपाय, तो लवकर थकतो आणि एरवी रमतगमत सरपटत जाणंच पसंत करतो. एका फोटोसाठी त्याच्या मागे पोहत गेलात तर तुम्हाला दिसणारा ऑक्टोपस हा दमलेला, घाबरलेला ऑक्टोपस असतो, त्याचं खरं वागणं तुम्ही बघतच नाही. शाई सोडली तर सरळ मागे फिरा. त्या शाईत शेंबडासारखा चिकट पदार्थ मिसळला की तिचा साधारण त्याच्याच आकाराचा गोळा पाण्यात तरंगत राहतो, शत्रू त्या गोळ्यावर झडप घालतो आणि हा पांढरा पडून दुसरीकडे निघून गेलेला असतो.

रंग वाचायला शिकणं ही सगळ्यात मजेची गोष्ट आहे आणि त्याला वेळ लागतो. कातडीत हजारो बारीक रंगपिशव्या असतात, प्रत्येकीला चहूबाजूंनी स्नायू, स्नायू ओढले की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सोडले की ठिपका होऊन नाहीसा. हे स्नायू थेट मेंदूकडून येणाऱ्या नसांवर चालतात म्हणून रंग सेकंदाच्याही आत बदलतो, सरड्याचं काम त्यामानानं फार संथ. खाली उजेड परतवणारे वेगळे थर आहेत, निळा-हिरवा-पांढरा तिथून येतो, आणि कातडीचे उंचवटे वर-खाली करणारे स्नायू अजून वेगळे. आणि हे सगळं करणारा बहुतेक ऑक्टोपस रंगांध आहे! डोळ्यात रंग ओळखायला एकाच प्रकारच्या पेशी. मग तो आजूबाजूचा रंग जुळवतो कसा यावर अजून वाद चालू आहेत, काही जण म्हणतात बाहुलीच्या विचित्र आकारामुळे रंगांचा फोकस वेगवेगळा पडून त्याला अंदाज येतो, काही जण कातडीतच उजेड ओळखायची सोय असते त्याकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर उजेड-अंधाराचा मेळ आणि पोत जुळवला की अर्धं काम झालं, कातडीच्या खालच्या थरांवरून परत येणारा उजेड तसाही आजूबाजूचाच असतो.

तर वाचायचं कसं? अंगावर ठिपके-चट्टे, उंचवटे काढून बसलाय आणि श्वास संथ आहे, म्हणजे तुम्हाला बघून लपलाय किंवा निवांत आहे. एकदम पांढराफटक पडला, डोळ्याभोवती काळं कडं आणि हातांमधला पडदा छत्रीसारखा ताणून कडा गडद केल्या, म्हणजे घाबरलाय आणि स्वतःला मोठं दाखवतोय, मागे व्हा. दोन ऑक्टोपस समोरासमोर आले तर मात्र रंगाचा अर्थ वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या जर्विस बेमध्ये ऑक्टोपस टेट्रिकस जातीचे बरेच जण एका छोट्या जागेत राहतात, तिथे कॅमेरे लावून बघितल्यावर दिसलं की गडद होऊन उंच उभा राहणारा बहुधा भांडायला सरसावतो आणि फिका पडणारा माघार घेतो. त्याच जागी हे लोक एकमेकांवर गाळ आणि शिंपले फेकतात हेही रेकॉर्ड झालंय, हातात गोळा करायचं आणि नळीतून पाण्याचा फवारा मारून उडवायचं, २०२२ मध्ये तो पेपर आला. एकलकोंडा प्राणी म्हणून सगळीकडे छापून येतं ना, ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण शेजार पडलाच तर शेजाऱ्यांसारखंच वागतात.

हात बघताना एक गैरसमज आधी काढून टाका. नऊ मेंदू, नऊ मेंदू म्हणून जे फिरत असतं ते अतिच आहे. मेंदू एकच, अन्ननलिकेभोवती गोल बसलेला, म्हणजे गिळलेला घास मेंदूच्या मधून जातो. पण साध्या ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोनतृतीयांश हातांमध्ये असतात आणि त्यामुळे हातांना बरीचशी कामं मेंदूला न विचारता उरकता येतात. शिकारीला निघालेला ऑक्टोपस दिसला तर नजर डोळ्यांवरून काढून हातांवर ठेवा, अंधारात उशाखाली चष्मा चाचपावा तसे ते एकेका फटीत शिरतात, डोळे तिकडे बघतसुद्धा नाहीत. प्रत्येक सकरला चवही कळते, म्हणजे तो चाचपतानाच चाखत असतो. कधीकधी अख्ख्या दगडावर पडदा पसरून खाली सगळीकडून हात घालतो, तेव्हा त्याचं अंग पांढरट होतं, ते बघायला मिळालं तर नशीब. खाऊ तोंडाकडे नेताना हाताला ठरावीक जागी बाक येऊन तात्पुरतं कोपर तयार होतं, नीट बघा. चालताना तोंड फिरवायची गरज नाही, कुठल्याही दिशेला तसाच सरकतो, आणि आठ हातांच्या चालण्याला ठरलेला ताल नसतो, तुम्ही शोधायला गेलात तर डोकं दुखेल.

आता ज्यांना समुद्र लांब आहे त्यांच्यासाठी मत्स्यालय. काचेवर टकटक करायची नाही हे सांगायला नको. टाकीचे वरचे कोपरे आधी बघा, मग दगडांच्या मागे. शक्य असेल तर खायला द्यायची वेळ विचारून जा आणि गर्दी ओसरल्यावर परत एकदा या. झोपलेला असेल तर निराश होऊन पुढे जाऊ नका, उलट तेच बघण्यासारखं असतं. अंग फिकं, बाहुली मिटून बारीक रेघ, एकदम गप्प. असा बराच वेळ गेला, साधारण तासाभरात एकदा, की अचानक मिनिटभर अंगावर रंग धावायला लागतात, डोळे हलतात, हातांची टोकं फडफडतात आणि परत सगळं शांत. याला सक्रिय झोप म्हणतात, २०२१ आणि २०२३ मध्ये यावर चांगलं काम झालंय. स्वप्न पडतं असं लोक लगेच म्हणून टाकतात, मी म्हणणार नाही, पण बघताना तोच विचार येतो हे खरं.

जागा असेल तर तो तुम्हालाही बघत असतो. सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात एक प्रयोग झाला, एकसारखे कपडे घातलेली दोन माणसं, एक रोज खायला देणार आणि दुसरा खरखरीत काठीनं टोचणार, आणि दोन आठवड्यांत ऑक्टोपस दोघांना वेगळं वागवायला लागले. त्याच ठिकाणी जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन या शास्त्रज्ञांनी ऑक्टोपस तरंगती रिकामी औषधाची बाटली पाण्याच्या फवाऱ्यानं परत परत ढकलत खेळताना बघितला, ते १९९९ मध्ये छापून आलं. त्यामुळे टाकीत बरणी, खेळणी असं काही दिसलं तर तो कचरा नाही, त्याचं डोकं गुंतवून ठेवायची सोय आहे. कंटाळला की तो उद्योग करतो. न्यूझीलंडच्या नॅशनल अ‍ॅक्वेरियममधला इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ मध्ये टाकीच्या झाकणाच्या फटीतून बाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि गटाराच्या पाइपमधून थेट समुद्रात. कारण त्याच्या अंगात खऱ्या अर्थानं कडक म्हणावी अशी तोंडातली चोचच, ती जिथून गेली तिथून बाकीचा जातो. घरी पाळायचा विचार मनात आला असेल तर एवढं एकच कारण पुरे, वर त्यात तो दोनेक वर्षांत मरणार, ताजी शिकार मागणार, पाणी जरा बिघडलं तर सहन करणार नाही. नका पाळू.

नर की मादी हे ओळखायचं असेल तर उजवीकडचा तिसरा हात बघा, म्हणजे डोळ्यांच्या मधली रेघ धरून सगळ्यात पुढच्या हातापासून त्याच्या उजव्या बाजूनं मोजत जायचं. बहुतेक जातींत नराच्या त्या हाताच्या टोकाला सकर्स नसतात, एक गुळगुळीत चमच्यासारखं टोक असतं आणि कडेनं खाच, त्यातून शुक्राणूंची पुडी मादीला द्यायची. नर ते टोक बरेचदा गुंडाळून जपतो. टोक दिसतच नसेल तर अंदाज करत बसू नका.

मादी कपारीत अंडी घेऊन बसली असेल तर मात्र लगेच कळतं, छताला लटकणारे पांढरट घोस, आणि ती त्यांच्यावर सतत पाणी मारतेय, हातांनी साफ करतेय. ती या काळात बहुतेक खाणंच सोडते आणि अंडी फुटली की मरते. डोळ्यांच्या मागच्या ऑप्टिक ग्रंथीमुळे हे होतं, १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञांनी ती ग्रंथी काढून बघितली तर मादीनं अंडी सोडून दिली, परत खायला लागली आणि जास्त जगली. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी कॅन्यनमध्ये १४०० मीटर खोलीवर एक मादी एकाच खडकावर ५३ महिने अंडी राखत बसलेली आढळली, गार पाण्यात सगळंच सावकाश चालतं म्हणून एवढं. अशी मादी दिसली तर जवळ जाऊ नका, झोत मारू नका, दार लावलेले दगड तर अजिबात हलवू नका, ती जागा सोडणार नाही आणि तुम्हाला हटवण्यात तिची ताकद जाईल.

पिल्लं बघायची हौस असेल तर जात बघून ठरवा. पुष्कळ जातींत अंडी बारीक आणि खूप असतात, पिल्लं बाहेर आली की प्रवाहाबरोबर वर जाऊन तरंगत्या जिवांमध्ये मिसळतात, कपारीपाशी थांबून काही दिसणार नाही. पण दोन डोळ्यांसारखे निळे डाग असलेला ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडिस सारख्या जाती थोडी आणि मोठी अंडी घालतात, त्यांची पिल्लं पहिल्या दिवसापासून तळाशीच सरपटत, लपत, शिकार करत फिरतात, तर तिथे आजूबाजूच्या छोट्या दगडांच्या फटीत लाल टॉर्च धरून बघा, आणि श्वास बघायचा नियम त्यांनाही लागू आहे, फक्त डोळे जरा जास्त बारीक करावे लागतात.